यादीत आपला तालुका का नाही?

रामराम, जय भीम, सलाम. ज्या घरात जे म्हणतात ते आमच्याकडून घ्या. भाकऱ्या उरकल्या असतील तर बसा, नसतील तर थापता थापता ऐका. आम्ही तिघी आज जरा किचकट विषय घेऊन आलो आहोत. सरकार शहरांना पैसे देतं, रस्ते, गटारं, पाणी, बाजार, संडास यांच्यासाठी. ते पैसे कुठल्या शहराला द्यायचे हे कसं ठरतं, असा विषय आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातल्या बाया, आम्हाला शहराशी काय करायचं? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

झालं असं. गेल्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. या गटातल्या बाया शनिवारी तालुक्याच्या बाजारात भाजी विकायला बसतात. बचतीचा हिशेब झाला, कर्जाचे हप्ते झाले, चहा झाला. मग एक आक्का म्हणाल्या, "पोरींनो, रेडिओवर सगळं सांगता, एक सांगा. मी शनिवारी सहाला घर सोडते ते दिवेलागणीला परत येते. दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. प्यायलं तर जायचं कुठं? एसटी स्टँडातला एक संडास आहे, त्याला कुलूप. लेकीकडं पुण्याला गेले होते, तिथं रस्ता असा केलाय की त्यावर ताट मांडून जेवावं. लेक म्हणाली, स्मार्ट सिटीचे पैसे आलेत. मग ते पैसे आमच्या तालुक्याला का येत नाहीत?"

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तालुक्याच्या कार्यालयात विचारायला गेलो. तिथले साहेब चांगलं बोलले, खुर्ची दिली, आणि म्हणाले, "बाई, आपलं गाव यादीत बसत नाही." यादी कुठली, कोण करतं, बसायला काय लागतं, हे विचारल्यावर त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग आम्हीच कागद मिळवले, एका निवृत्त गुरुजींना मदतीला घेतलं आणि तीन रविवार बसून वाचले. जे कळलं ते आज सांगतो. घाई नाही, पण मधेच उठू नका, कारण शेवटी जे सांगायचं आहे ते येत्या ग्रामसभेशी जोडलेलं आहे.

पहिली गोष्ट, शहर म्हणजे काय? आपल्याला वाटतं, दुकानं, गर्दी, दिवे असले की शहर. सरकारच्या हिशेबात शहरं दोन प्रकारची. एक, कायद्यानं झालेलं शहर. तिथं महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत नाहीतर लष्कराचं कटक मंडळ असतं. दुसरं, जनगणनेत शहर म्हणून मोजलेलं, पण कारभार ग्रामपंचायतीचाच. २०११ च्या जनगणनेत देशात ७,९३५ शहरं मोजली गेली. त्यातली ४,०४१ कायद्यानं झालेली आणि ३,८९४ नुसती जनगणनेतली. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, जनगणनेतली शहरं १,३६२ होती. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजार गावं कागदावर शहर झाली आणि तिथल्या सरपंचाला त्याचा एक रुपयाही जास्त मिळाला नाही, कारण शहरांच्या योजना नगरपालिकेला मिळतात, ग्रामपंचायतीला नाही.

आता गाव जनगणनेत शहर कधी ठरतं? तीन अटी आहेत. लोकसंख्या किमान ५,०००. एका चौरस किलोमीटरमागे किमान ४०० माणसं. आणि तिसरी अट नीट ऐका. गावातले जे पुरुष वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करतात, त्यांच्यातले किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असले पाहिजेत.

पुरुष. फक्त पुरुष मोजायचे.

आम्ही तिघी हे वाचून गप्पच झालो. गुरुजींना वाटलं आम्हाला समजलं नाही, म्हणून त्यांनी परत वाचून दाखवलं. समजलं होतं. आपल्याकडे किती गावं अशी आहेत बघा. गडी कंपनीत, गडी ट्रकवर, गडी गवंडीकामावर, कुणाचं मोबाईलचं दुकान, कुणाचा वडाप. शेत कोण करतं? बाई करते. खुरपणी, कापणी, दूध, शेण, सगळं बाईकडे. त्या गावातले चारातले तीन गडी शेतीबाहेर गेले की गाव शहर मोजलं जातं. बाकीच्या दोन अटी मात्र भरल्या पाहिजेत. बायांचं काय काम आहे हे त्या हिशेबात धरतच नाहीत. शेतात वाकलेल्या बाईच्या डोक्यावर शहर येऊन बसतं, आणि तिला पत्ताही नसतो. आमचं मत विचाराल तर ही अट फार जुन्या नजरेची आहे. पण नियम आहे, तो माहीत असावा.

गणित करून बघूया. समजा तुमच्या गावची लोकसंख्या ६,००० आहे. पहिली अट झाली. दुसऱ्या अटीसाठी गावाचं क्षेत्र १५ चौरस किलोमीटरच्या आत पाहिजे, कारण ६,००० ला ४०० नं भागलं की १५. तुमचं शिवार मोठं असेल, गायरान, डोंगर धरून २० चौरस किलोमीटर, तर एका चौरस किलोमीटरमागे ३०० च माणसं येतात आणि गाव खेडंच राहतं, मग गावठाणात कितीही दाटी असो. तिसऱ्या अटीत, काम करणारे गडी १,५०० असतील तर त्यातले १,१२५ शेतीबाहेर पाहिजेत. ही आकडेमोड तुम्ही गटात बसून स्वतः करू शकता. ग्रामसेवकाकडे जनगणनेचे आकडे असतात.

आता योजनांकडे येऊ. सगळ्या सांगत बसत नाही, मोठ्या तेवढ्या सांगतो.

लहान गावांसाठी एक जुनी योजना होती, १९७९-८० मध्ये सुरू झालेली, लहान आणि मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची. सुरुवातीला ती एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी होती. बाजाराचे ओटे, बसस्थानक, रस्ते अशी कामं त्यात व्हायची. विचार असा होता, की बाजारगाव सुधारलं तर भोवतालच्या खेड्यांनाही फायदा होईल आणि सगळे उठून मुंबईला जाणार नाहीत. पैसा थोडा होता, पण विचार आपल्या आक्कांच्या प्रश्नाच्या जवळचा होता.

मग ३ डिसेंबर २००५ ला जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आलं. वर्तमानपत्रात त्याला जेएनएनयूआरएम म्हणायचे, तुम्ही शहरातल्या बसवर ही अक्षरं बघितली असतील. त्यात सुरुवातीला देशातली ६३ शहरं निवडली. कशी? ४० लाखांच्या वरची ७ शहरं. १० लाख ते ४० लाखांमधली २८. आणि उरलेली २८ अशी, जी १० लाखांपेक्षा लहान आहेत पण राज्याची राजधानी आहेत, नाहीतर धर्म, इतिहास, पर्यटन यांच्यासाठी महत्त्वाची आहेत. आपल्या महाराष्ट्रातून पाच शहरं गेली. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक ही आकारानं गेली. पाचवं नांदेड. नांदेड त्या चौघांपेक्षा खूप लहान. पण तिथं हुजूर साहिब गुरुद्वारा आहे आणि २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीला ३०० वर्षं होणार होती. म्हणून नांदेड यादीत आलं. शेजारी गोव्यातलं पणजी आपल्या काही नगरपरिषदांएवढंच, पण राजधानी म्हणून गेलं.

केंद्राचा हिस्साही सगळ्यांना सारखा नव्हता. सगळ्यांत मोठ्या शहरांना कामाच्या खर्चातले ३५ टक्के, मधल्यांना ५० टक्के, तिसऱ्या गटातल्यांना ८० टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या कामाला मुंबईला ३५ आणि नांदेडला ८०. हे आम्हाला पटलं. ज्याची कमाई कमी त्याला जास्त, असं.

बाकीच्या गावांना काहीच नव्हतं असं नाही. त्यांच्यासाठी त्याच अभियानात वेगळी योजना होती. केंद्र ८०, राज्य १०, नगरपालिका १०. पण आधी सविस्तर प्रकल्प अहवाल करायचा. तो करायला अभियंता पाहिजे, मोजणी पाहिजे, नकाशे पाहिजेत. आणि पैसे घ्यायचे तर सुधारणा मान्य करायच्या. हिशेब नव्या पद्धतीनं ठेवायचा, घरपट्टीची वसुली वाढवायची, पाण्याचा खर्च पाणीपट्टीतून निघाला पाहिजे. छोट्या नगरपालिकेत एक मुख्याधिकारी, तोही कधी कधी दोन गावांचा, आणि चार कारकून. ते हे सगळं कधी करणार?

२५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी अभियान सुरू झालं. आक्कांची लेक म्हणते ते हे. यात १०० शहरं घ्यायची होती. प्रत्येक राज्याला किती, हे दोन गोष्टींवरून ठरलं. राज्यात नागरी लोकसंख्या किती आणि कायद्यानं झालेली शहरं किती. दोन्हीला सारखं वजन. महाराष्ट्राच्या वाट्याला १० आली. पण राज्यातली कुठली शहरं, त्यासाठी मार्क होते. १०० मार्कांची परीक्षा.

मैत्रिणींनो, ही परीक्षा तुम्हाला लगेच कळेल, कारण आपण सगळ्या त्यातून गेलो आहोत. आठवा, गटाला कर्ज मिळण्याआधी बँकेचे आणि उमेदचे लोक येतात आणि पंचसूत्री बघतात. बैठक नियमित आहे का? बचत नियमित आहे का? आतलं कर्ज फिरतं का? परतफेड होते का? वही लिहिलेली आहे का? त्यावर ग्रेड. शहरांचंही अगदी तसंच केलं होतं. २०११ नंतर घरगुती संडास किती वाढले, त्याला १० मार्क. तक्रार कॉम्प्युटरवर नोंदवता येते का आणि तक्रार करणाऱ्याला उत्तर जातं का, त्याला ५. नगरपालिकेनं आपलं वार्तापत्र इंटरनेटवर काढलं का, ५. नोकरांचा पगार मागच्या महिन्यापर्यंत झाला का? हिशेब तपासनिसांकडून तपासून झाले का? स्वतःची कमाई किती? पाणीपुरवठ्याचा खर्च पाणीपट्टीतून किती निघतो? आणि शेवटी, नेहरू अभियानातल्या सुधारणा किती केल्या, त्याला १०, आणि त्यात मंजूर झालेली कामं किती पुरी केली, त्याला आणखी १०.

आता सांगा, ज्या शहराला आधीच्या वेळी काम मिळालं, ते काम पुरं करून मार्क मिळवणार. ज्याला आधी काहीच मिळालं नाही, त्यानं काय पुरं करून दाखवायचं? आमच्या एका वस्तीवरच्या गटाचं असंच झालं होतं. सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. सहा महिने गावात नसतात, मग बैठक नियमित कुठून व्हायची? ग्रेड मिळाली नाही, म्हणून कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून शेळ्या नाहीत, आणि शेळ्या नाहीत म्हणून पुन्हा उचल घेऊन ऊसतोड. शिस्तीला मार्क असावेत, आमचं म्हणणं नाही असं नाही. वही लिहिली नाही तर गट फुटतो, हे आपण डोळ्यानं बघितलंय. पण गरजेलाही चार मार्क असावेत की नाही?

शेवटी महाराष्ट्रातली कुठली शहरं त्यात आली ते ऐका. पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि पिंपरी-चिंचवड. आठही महानगरपालिका. केंद्राकडून एका शहराला पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत. यातही एक मेख आहे. बराच पैसा शहराच्या एका निवडलेल्या भागात लावायचा होता. जुना भाग सुधारायचा तर किमान ५०० एकरांचा तुकडा घ्यायचा, असं. म्हणजे पुण्यातही तो चकचकीत रस्ता सगळ्यांच्या दारात नाही. आक्कांच्या लेकीचं घर त्या भागाजवळ आहे एवढंच. हे अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. आता त्या यादीत जायचा प्रश्नच नाही.

त्याच दिवशी, २५ जून २०१५ लाच, अमृत योजना सुरू झाली होती. ती पाणी आणि सांडपाण्याची. तिच्यात परीक्षा नव्हती. एक लाखाच्या वर लोकसंख्या असलेली शहरं सरळ घेतली, आणि त्याशिवाय काही राजधान्या, वारशाची शहरं, मोठ्या नद्यांच्या काठची शहरं, डोंगरी राज्यांतली काही, अशी मिळून ५००. आपल्या तालुक्याचं गाव वीस हजारांचं. एक लाखाच्या दारात उभंही राहू शकत नाही. पण १ ऑक्टोबर २०२१ ला अमृतचा दुसरा टप्पा आला आणि त्यात पाण्यासाठी कायद्यानं झालेली सगळीच शहरं धरली. लहान नगरपंचायतसुद्धा. सांडपाण्यासाठी मात्र तीच ५००. तर साहेब जे म्हणाले, "आपलं गाव यादीत बसत नाही", ते अर्धं खरं होतं. स्मार्ट सिटीत बसत नव्हतं. अमृतच्या पाण्यात बसतं.

आणि आक्कांना लागतो तो बाजारातला संडास. त्यासाठी दिल्लीच्या यादीची वाट बघायची गरज नाही. राज्याची सुवर्णजयंती नगरोत्थान योजना आहे, तिचा एक भाग जिल्हास्तरावर चालतो आणि त्याचे पैसे जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतून येतात. त्यासाठी नगरपंचायतीनं ठराव करून प्रस्ताव पाठवायचा असतो. आमच्या तालुक्याच्या नगरपंचायतीनं बाजारातल्या बायांच्या संडासाचा असा ठराव केला आहे का? आम्ही लेखी विचारलं आहे. अर्जाची पोच आमच्याकडे आहे. उत्तर अजून नाही.

बाजारात बसणारी बाई त्या गावची मतदार नसते, हीही एक अडचण. ती बाजाराची पावती फाडते, पण नगरसेवकाला तिच्या मताची गरज नसते. म्हणून अर्ज एकटीनं करून भागत नाही. त्या शनिवारच्या बाजारात अकरा गावांतल्या बाया बसतात. आम्ही अर्जावर त्या सगळ्या गावांची नावं घातली आणि दोनशेच्या वर सह्या-अंगठे घेतले. एका मावशींनी आधी अंगठ्याला नकार दिला, म्हणाल्या, "अंगठा दिला की जमीन जाते." मग सगळा अर्ज दोनदा वाचून दाखवला, तेव्हा दिला. बरं केलं त्यांनी. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नयेच.

मधेच एक गोष्ट सांगायची राहिली. खेड्यांसाठीही एक असं अभियान होऊन गेलं. २१ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झालेलं रुर्बन. पंचवीस ते पन्नास हजार लोकसंख्येचा, डोंगरी आणि आदिवासी भागात पाच ते पंधरा हजारांचा, शेजारशेजारच्या गावांचा समूह घ्यायचा आणि तिथं शहरासारख्या सोयी करायच्या. देशात ३०० समूह. आता ते चालू नाही. पण त्याची निवड कशी व्हायची ते बघा. समूह निवडताना चार गोष्टींना मिळून ८० टक्के वजन होतं. लोकसंख्या किती वाढली, जमिनीचे भाव किती वाढले, शेतीबाहेरचं काम किती वाढलं, आणि चौथी गोष्ट, माध्यमिक शाळेत मुली किती आहेत. हे वाचून आमच्यातली एक उठून उभीच राहिली. नववीतली पोर शाळेत राहिली तर गावाला मार्क! ज्या गावात आठवीनंतर मुलगी घरी बसवतात त्या गावाचे मार्क कमी. कुणीतरी दिल्लीत बसून हा विचार केला, त्याला आमचा नमस्कार. एका यादीत फक्त गडी मोजतात आणि दुसऱ्या यादीत शाळेत जाणारी पोर मोजतात. म्हणजे काय मोजायचं हे माणसंच ठरवतात. आभाळातून पडत नाही.

आता येत्या ग्रामसभेचं. तुमच्यापैकी निम्म्या जणींना माहीत आहे, तालुक्यालगतच्या दोन मोठ्या गावांत हद्दवाढीचं बोलणं चालू आहे. म्हणजे ही गावं तालुक्याच्या नगरपंचायतीत घ्यायची. काही जण म्हणतात, घ्या, नगरपंचायत मोठी झाली की निधी वाढेल, पंचवीस हजारांच्या वर गेली की नगरपरिषद होईल. काही म्हणतात, नको. गड्यांच्या पारावर हे रोज चालतं. बायांना कुणी विचारलेलं नाही.

आमचं म्हणणं हो किंवा नाही असं नाही. पण तालुक्याचं गाव स्वतः ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालं तेव्हा काय झालं, ते आम्ही जवळून बघितलं. २०१४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत असेल तर तिथं नगरपंचायत करायची. एरवी नगरपंचायतीसाठी लोकसंख्या दहा ते पंचवीस हजार लागते. आमच्याकडे गुलाल उडाला, फटाके वाजले. आम्ही याच रेडिओवर अभिनंदनाचा कार्यक्रम केला. आज वाटतं, त्या दिवशी दोन प्रश्न विचारायला हवे होते.

पुढं असं झालं. तालुक्याच्या कडेला मजुरांची एक वस्ती आहे. तिथल्या बाया उन्हाळ्यात रोजगार हमीवर जायच्या. बांधबंदिस्ती, रोपवाटिका. एके दिवशी कळलं, आता काम मागता येणार नाही, कारण हमीचा केंद्राचा कायदा ग्रामीण भागापुरता आहे आणि वस्ती आता शहरात आहे. त्या म्हणाल्या, "आम्ही तर हललोच नाही. घर तिथंच, चूल तिथंच." घर तिथंच होतं, हद्द हलली होती. घरकुलाची यादीही बदलली. ग्रामीण घरकुलाच्या यादीत नाव लागलेल्या बाया शहरी घरकुलाच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. गटांचं तेच. उमेद ग्रामीण भागाचं, म्हणून गटांना नागरी उपजीविका अभियानाकडे जायचं सांगितलं. ग्रामसंघ सुटला, प्रभागसंघ सुटला. घरपट्टी चार वर्षांनी नव्यानं आकारली गेली आणि पत्र्याच्या घरालाही वाढून आली.

मिळालं काय? रस्त्यावर दिवे आले. घंटागाडी आली, कचरा उचलला जातो, हे मानलंच पाहिजे. पाण्याची नवी टाकी होते आहे. १७ नगरसेवकांत निम्म्या जागा बायांच्या आहेत. पण ग्रामसभा गेली. ग्रामपंचायतीत वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्याआधी बायांची वेगळी सभा. नगरपंचायतीत तशी सभा नाही. जिथं उभं राहून बाई सरपंचाला विचारायची, "अंगणवाडीचे पैसे कुठं गेले?", ती जागाच राहिली नाही.

म्हणून त्या दोन गावांतल्या मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेला जा. नुसत्या सहीसाठी जाऊ नका, बसा. विचारा, आपल्या गावात रोजगार हमीवर किती जणी जातात, त्यांचं पुढं काय? घरकुलाच्या यादीत किती नावं आहेत आणि हद्दवाढ झाली तर ती कुठल्या यादीत जाणार? गटांच्या कर्जाचं काय? घरपट्टी आज किती आहे आणि तालुक्यातल्या तशाच घराची किती? उत्तरं वहीत लिहून घ्या. जे ठरेल ते ठरावाच्या वहीत लिहिलं गेलं का ते बघूनच उठा. आणि समजा पुढं सरकारनं हद्दवाढीचा मसुदा काढला, तर त्यावर हरकत घेता येते. हरकत लेखी द्यायची, मसुद्यात दिलेल्या मुदतीत, आणि पोच घ्यायची. हरकतीचा नमुना आमच्याकडे आहे, केंद्रावर येऊन घेऊन जा. पैसे नाहीत त्याचे.

आणखी एक. पुढची जनगणना येते आहे. १ मार्च २०२७ ही तिची तारीख ठरली आहे. मोजायला गुरुजी किंवा बाई दारात येतील. बहुतेक वेळा गडी पुढं होऊन सांगतो, "ही घरीच असते." आणि कागदावर तसंच लिहिलं जातं. गाव शहर ठरवताना बायांचं काम धरत नाहीत हे मघाशी सांगितलं. पण गावात कामकरी बाया किती, शेतकरी किती, मजूर किती, हे आकडे त्याच कागदातून निघतात. म्हणून स्वतः उंबऱ्यावर या आणि सांगा. शेत कसते, वर्षाला इतके महिने. दूध घालते. शनिवारी बाजारात बसते. आमच्या एका सासूबाईंना मागच्या वेळी "काम नाही" असं लिहिलं होतं. त्या वेळी त्यांच्याकडे दोन म्हशी आणि दीड एकर ज्वारी होती.

आक्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला महिना लागला. येत्या शनिवारी आम्ही तिघी बाजारात तुमच्या शेजारी बसणार आहोत, पावती फाडून. स्टँडातल्या त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, हे आधी शोधायचं आहे. कुणी म्हणतं एसटीच्या माणसाकडे, कुणी म्हणतं ठेकेदाराकडे. ज्या मैत्रिणींना माहीत असेल त्यांनी केंद्रावर फोन करा, नाहीतर बाजारात भेटा. नगरपंचायतीचं उत्तर आलं तर पुढच्या मंगळवारी याच वेळी वाचून दाखवू. नाही आलं तर अर्जाची तारीख वाचून दाखवू.